चुना टाकूनही आम्ल जमिनीत उत्पादन पुन्हा का घटते? तपासणी आणि उपाय

खत पूर्ण दिले, पाणी वेळेवर दिले, बियाणे चांगले होते, तरी पीक महिनाभरात थबकते. चुना टाकला की एखाद-दुसरे वर्ष बरे जाते आणि मग पुन्हा तेच. आम्लधर्मी जमिनीबद्दल ही तक्रार वारंवार येते. कारण सहसा एकच असते: चुना एकदाच दिला जातो, पण आम्लता दर हंगामात नव्याने तयार होत राहते. त्यातही तो पहिला चुना अंदाजाने दिलेला, जाडाभरडा किंवा वरवर पसरलेला असतो. त्यामुळे नुसते "चुना टाका" म्हणून भागत नाही. किती, कोणता, किती बारीक, किती खोल आणि पुन्हा कधी, हे सगळे ठरवावे लागते.

आधी मुळे पाहा

पानांवरून निदान करायला जाऊ नका. जांभळट पान म्हणजे स्फुरदाची कमतरता हे खरे, पण ती आम्लतेमुळे आहे की थंडीमुळे, हे पान सांगत नाही. मुळे बरेच काही सांगतात.

पीक २५ ते ३० दिवसांचे असताना खराब पट्ट्यातली चार-पाच झाडे आणि चांगल्या पट्ट्यातली तितकीच झाडे कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, उपटले की जी तंतुमुळे पाहायची तीच जमिनीत राहतात. ढेकूळ बादलीत भिजत ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. आम्ल जमिनीत विरघळलेल्या ॲल्युमिनियमने मार खाल्लेले मूळ आखूड, जाड आणि ठिसूळ असते. टोक बोथट व तपकिरी होते, बाजूची बारीक मुळे नीट फुटत नाहीत. निरोगी मुळाचे टोक पांढरे आणि निमुळते असते. दोन्ही मुळे शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. जमिनीत ओल असूनही दुपारी पीक कोमेजते ते याच कारणाने. मुळे वरच्या थरातच अडकल्याने खालची ओल त्यांना मिळतच नाही.

एक फसगत टाळा. नांगराच्या तळाशी कठीण थर बसला असेल तरी मुळे आडवी वळतात, पण तेव्हा टोके पांढरी आणि जिवंत असतात. जमीन वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) असताना लोखंडी सळई जमिनीत दाबून पाहा. ठरावीक खोलीवर सगळीकडे अडत असेल तर आधी तो थर फोडावा लागेल. चुन्याने तो सुटणार नाही.

सोयाबीन किंवा कडधान्य असेल तर मुळांवरच्या गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर गाठ नत्र स्थिर करत असते. आतून पांढरट किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर आम्लतेचा संशय बळावतो. अशा जमिनीत गाठींत नत्र स्थिर करणारे रायझोबियम जिवाणू टिकत नाहीत आणि त्यांना लागणारे मॉलिब्डेनमही पिकाला मिळत नाही.

सामू नेमका काय बिघडवतो

सामू (पीएच) म्हणजे जमिनीची आम्लता दाखवणारा अंक. तो एक अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे ६ वरून ५ वर आलेली जमीन "थोडी आम्ल" नसते. साधारण ५.५ च्या खाली मातीतले ॲल्युमिनियम विरघळून मुळांना विषारी होऊ लागते. मँगनीजही जास्त सुटते. त्याच वेळी लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला पकडून ठेवतात, कॅल्शियम व मॅग्नेशियम पावसाबरोबर खाली निघून जातात. म्हणूनच अशा शेतात खताची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. खत मातीत असते, पण मूळ त्याच्यापर्यंत पोचत नाही, किंवा पोचले तरी ते खत उचलता येईल अशा रूपात नसते.

नमुना घेतानाच चूक होते

एकरी ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सें.मी. खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटे जाडीची माती खरवडा. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचे ढीग आणि खत पेरलेल्या ओळी टाळा. सगळी माती मिसळून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो उरवा आणि सावलीत वाळवा. याच खड्ड्यांतून २० ते ४० सें.मी. थराचा दुसरा, वेगळा नमुना घ्या. हा दुसरा नमुना क्वचितच कुणी घेतो आणि वारंवार परतणाऱ्या समस्येचे उत्तर बऱ्याचदा त्यातच असते.

दरवर्षी नमुना त्याच महिन्यात घ्या. कोरड्या दिवसांत मातीत क्षार साचले की सामू थोडा खाली दिसतो, भरपूर पावसानंतर वर दिसतो. दोन अहवालांची तुलना करताना पद्धतही एकच आहे ना, ते तपासा. पाण्यात मोजलेला सामू आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात मोजलेला सामू यांत अर्ध्या ते एका अंकाचा फरक पडू शकतो. सामू मोजायच्या कागदी पट्टीच्या रंगावरून चुन्याची मात्रा कधीच ठरवू नका.

प्रयोगशाळेकडून नुसता सामू घेऊन थांबू नका. "चुन्याची गरज" (ती बफर सामूच्या चाचणीवरून काढतात) आणि विनिमयक्षम ॲल्युमिनियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले पण सुटू शकणारे ॲल्युमिनियम, हेही मागा. सामू ५.२ असलेल्या वालुकामय जमिनीला जितका चुना लागतो त्याच्या कितीतरी पट तेवढाच सामू असलेल्या, सेंद्रिय कर्ब जास्त असलेल्या चिकण जमिनीला लागतो. चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ आम्लता धरून ठेवतात. सामू फक्त द्रावणातली आम्लता दाखवतो, साठ्यातली नाही. शेजाऱ्याची मात्रा आपल्या शेतात लागू पडत नाही ती यामुळेच.

मात्रा ठरवणे

अहवालात विनिमयक्षम ॲल्युमिनियम १०० ग्रॅम मातीत १ मिलिइक्विव्हॅलंट असेल तर १५ सें.मी. थरासाठी हिशेबाने एकरी सुमारे ४०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागते. प्रत्यक्षात काही चुना इतर आम्लतेवर खर्च होतो, म्हणून दीडपट, म्हणजे ६०० किलो धरतात. २ असेल तर १२०० किलो. ही मात्रा ॲल्युमिनियमचा त्रास घालवण्यापुरती आहे, सामू ६.५ वर नेण्याची नव्हे. अतिपावसाच्या लाल, जांभ्या जमिनीत हेच उद्दिष्ट योग्य असते.

बफर सामूची सोय नसेल तर डबे मांडून पाहा. सुकवलेली, चाळलेली माती एक-एक किलो पाच डब्यांत घ्या. त्यात अनुक्रमे ०, ०.५, १, १.५ आणि २ ग्रॅम अतिबारीक शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट नीट मिसळा. वाफशाइतकी ओल कायम ठेवून डबे सैल झाकणाने पाच-सहा आठवडे ठेवा, मग वाळवून प्रत्येकाचा सामू मोजून घ्या. १५ सें.मी. थरासाठी किलोमागे १ ग्रॅम म्हणजे एकरी सुमारे ८०० किलो. ज्या डब्यात सामू ५.८ ते ६.२ आला ती तुमच्या मातीची मात्रा. वेळ लागतो, पण उत्तर तुमच्याच मातीचे असते.

गोणीतला सगळा चुना कामाचा नसतो

शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची आम्लता मारण्याची ताकद १०० धरली तर शुद्ध डोलोमाईटची (मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची) सुमारे १०९, विझवलेल्या चुन्याची १३५ आणि कळीच्या चुन्याची १७९ येते. खाणीतल्या चुनखडीत वाळू-माती असल्याने तिची ताकद ७० ते ९५ मध्ये कुठेही असू शकते. जिप्समची शून्य! जिप्सममध्ये कॅल्शियम भरपूर आहे, पण ते सल्फेटच्या रूपात असल्याने सामू वाढवत नाही. "जिप्सम टाकले तरी सामू हलला नाही" या तक्रारीचे उत्तर एवढेच आहे. लाकडाच्या राखेची ताकद लाकडागणिक बदलते. तपासल्याशिवाय तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

ताकदीइतकाच बारीकपणा महत्त्वाचा. चुनखडी पाण्यात फारच कमी विरघळते, त्यामुळे मोठा खडा वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. १०० ग्रॅम वाळलेली भुकटी दोन चाळण्यांतून काढा. ०.२५ मि.मी. मधून खाली पडलेली पूर्ण धरा, ०.२५ ते २.३६ मि.मी. मधली निम्मी धरा, त्याहून जाड धरूच नका. समजा ५० ग्रॅम बारीक, ४० ग्रॅम मध्यम आणि १० ग्रॅम जाड निघाली, तर बारीकपणा ५० अधिक २०, म्हणजे ७० टक्के. या भुकटीची ताकद ८५ आणि ओलावा ५ टक्के असेल, तर ०.८५ × ०.७० × ०.९५ = ०.५६५. प्रयोगशाळेने एकरी ८०० किलो शुद्ध चुना सांगितला असेल तर या मालाचे ८०० ÷ ०.५६५, म्हणजे सुमारे १४०० किलो टाकावे लागतील. अहवालातला आकडा जसाच्या तसा गोण्यांत मोजला तर गरजेच्या जेमतेम निम्मा चुना जमिनीत जातो, आणि दोष मात्र चुन्याला दिला जातो.

मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाईट घ्या. खालची, जुनी पाने शिरांमधून पिवळी आणि शिरा हिरव्या, हे त्याचे लक्षण. वर्षानुवर्षे नुसती कॅल्शियमची चुनखडी टाकत गेल्यास ही कमतरता वाढते. ओळखण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका: चुनखडी जोरात फसफसते, डोलोमाईट सावकाश.

टाकण्याची रीत

चुना जमिनीत जवळजवळ जागचा हलत नाही. वर पसरून सोडला तर पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच राहतो आणि खालची मुळे तशीच भाजत राहतात. मात्रेचे दोन भाग करा. निम्मा नांगरटीआधी पसरा म्हणजे तो खाली जाईल. उरलेला नांगरटीनंतर आडव्या दिशेने पसरून कुळव किंवा रोटाव्हेटरने १५ सें.मी. पर्यंत मिसळा. शेत गुंठ्या-गुंठ्याने आखून घेतले तर पसरण सारखी पडते. वरच्या उदाहरणात गुंठ्याला ३५ किलो येतात. ढीग घालून फावड्याने उधळलेल्या शेतात पुढे हिरवे-पिवळे ठिपके दिसतात, ते या असमान पसरणीचे. मात्रा एकरी दोन टनांहून जास्त निघाली तर ती दोन वर्षांत विभागून द्या.

बारीक चुनखडी पेरणीच्या किमान महिनाभर आधी द्या, आणि त्या काळात जमिनीत ओल हवीच. कोरड्या मातीत चुना नुसता पडून राहतो. ओल असली तरी पूर्ण परिणामाला सहा महिने ते वर्ष लागते, त्यामुळे पहिल्याच पिकावरून निकाल लावू नका. विझवलेला चुना लवकर काम करतो, पण तो आणि कळीचा चुना त्वचा व डोळे भाजतो. हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडके बांधूनच टाका, वारा असताना मुळीच नको.

युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताजे शेणखत चुन्याबरोबर टाकू नका; नत्र अमोनिया होऊन हवेत उडते. सुपर फॉस्फेट चुन्यात मिसळले तर त्यातले विद्राव्य स्फुरद पुन्हा कमी विद्राव्य होते. दोन्हींत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवा.

पूर्ण मात्रा जमवणे शक्य नसेल तर एकरी ८० ते १६० किलो बारीक चुनखडी पेरणीच्या वेळी सरीत, बियाण्याच्या ओळीत मातीशी मिसळून द्या. कोवळ्या मुळांभोवतीची जागा त्या हंगामापुरती सुधारते. हा दर हंगामाचा उपाय आहे. एकदा दिला आणि सोडला तर पुढच्या हंगामात फायदा दिसणार नाही.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा घट: हिशेब असा मांडा

अमोनियमच्या रूपातले नत्र नायट्रेट होताना मातीत आम्ल सोडते. युरियातल्या प्रत्येक किलो नत्रामागे सुमारे १.८ किलो आणि अमोनियम सल्फेटमधल्या किलो नत्रामागे सुमारे ५.४ किलो शुद्ध चुना लागतो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र, म्हणजे ३७ किलो चुन्याची उधारी. अमोनियम सल्फेटच्या ५० किलोच्या गोणीची उधारी सुमारे ५५ किलो, आणि तिच्यात नत्र युरियाच्या गोणीच्या निम्मेच.

हंगामाला एकरी तीन गोण्या युरिया आणि वर्षाला दोन हंगाम असतील तर वर्षाला सुमारे २२० किलो, तीन वर्षांत साडेसहाशेच्या वर किलो शुद्ध चुना खर्ची पडतो. वरच्या ५६ टक्के ताकदीच्या मालात हे ११०० किलोंच्या पुढे जाते. कडबा, भुसा, वैरण शेताबाहेर गेली तर तिच्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाशही जातात, ते वेगळे. तिसऱ्या वर्षी पीक पुन्हा का बसले, ते या आकड्यांत दिसते.

खताच्या रूपाचा परिणाम किती मोठा असतो हे इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५६ पासून गवताच्या कुरणावर चालू असलेल्या प्रयोगात दिसते. अमोनियम सल्फेट मिळालेल्या, पण चुना न दिलेल्या तुकड्यांचा सामू ४ च्याही खाली गेला. सोडियम नायट्रेटमधून नत्र मिळालेल्या तुकड्यांत असे झाले नाही.

म्हणून सामू ५.५ च्या आसपास असलेल्या शेतात अमोनियम सल्फेट टाळा, नत्र हप्त्यांत द्या म्हणजे नायट्रेट वाहून जाणार नाही, आणि शक्य तिथे काही भाग कॅल्शियम नायट्रेटमधून द्या. एकरी चार-पाच टन चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट दरवर्षी द्यावे. त्यातले सेंद्रिय पदार्थ विरघळलेल्या ॲल्युमिनियमला बांधून ठेवतात. चुन्याचा हप्ता दर दोन-तीन वर्षांनी, पीक बसायची वाट न पाहता, अहवालावरून द्या.

वरचा सामू ठीक, तरी पीक उन्हात मान टाकते

अशा वेळी २० ते ४० सें.मी. चा तो दुसरा नमुना पाहा. वरचा थर ६.० आणि खालचा ४.८ असेल तर मुळे खाली उतरणार नाहीत. तिथपर्यंत चुना पोचवणे अवघड, आणि इथेच जिप्सम कामाला येते. ते चुनखडीपेक्षा बरेच जास्त विरघळते, पाण्याबरोबर खाली जाते, मुळांना कॅल्शियम देते आणि ॲल्युमिनियमचा विषारीपणा कमी करते. ब्राझीलच्या सेराडो भागात हंगामी पिकांसाठी मातीतल्या चिकणमातीची टक्केवारी गुणिले ५० इतके किलो जिप्सम हेक्टरी देण्याचा नियम वापरतात. चिकणमाती ३० टक्के असेल तर हेक्टरी १५०० किलो, म्हणजे एकरी ६००. आधी वरच्या थराला चुना, मग जिप्सम. वालुकामय जमिनीत जास्त जिप्सम दिल्यास मॅग्नेशियम व पालाश पाण्याबरोबर खाली धुऊन जातात, तिथे हात आखडता ठेवा.

चुना दिल्यावर नवीच लक्षणे दिसली तर

कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडली, शेंडे खुरटले, तर चुना जास्त झाला आहे. जस्त, लोह, मँगनीज, बोरॉन यांची उपलब्धता घटली. सामू लगेच खाली आणता येत नाही, म्हणून कमी पडलेल्या अन्नद्रव्याची फवारणी आणि पुढचे चुन्याचे हप्ते बंद, इतकेच हातात राहते. सामू ७ वर नेण्याचा हट्ट नको. बटाट्यात तर चुन्याने खवल्या रोग वाढतो. कोबीवर्गीय पिकांत मुळांवर गाठी आणणारा क्लबरूट रोग असेल तर मात्र सामू ७ च्या वर ठेवणे फायद्याचे. हा अपवाद लक्षात ठेवा.

फुलकोबीची पाने चाबकासारखी अरुंद, नुसत्या मध्यशिरेपुरती उरली तर मॉलिब्डेनम कमी आहे. सामू वाढला की ते आपोआप मिळू लागते. कडधान्यात किलो बियाण्यास १ ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट पुरते; जास्त दिल्यास चारा जनावरांना बाधतो. रायझोबियम लावलेल्या बियाण्यावर बारीक कॅल्शियम कार्बोनेटचा थर द्या म्हणजे जिवाणू तगतात. तिथे विझवलेला चुना चुकूनही वापरू नका, तो जिवाणू मारतो.

स्फुरद फोकून न देता ओळीत, बियाण्याच्या बाजूला व थोडे खाली पेरा. मातीशी जितका कमी संपर्क, तितके कमी स्थिर होते. रॉक फॉस्फेट ५.५ च्या खालच्या सामूतच चांगले विरघळते. म्हणजे चुना आणि रॉक फॉस्फेट एकाच वेळी टाकणे हे एकाने दुसऱ्याला निकामी करणे आहे. रॉक फॉस्फेट द्यायचे असेल तर चुन्याच्या काही महिने आधी द्या.

भात आणि ठिबकाखालची पिके

पाणी साठवलेल्या भातखाचरात काही आठवड्यांत सामू आपोआप ६.५ ते ७ कडे सरकतो, त्यामुळे भातासाठी चुना क्वचितच लागतो. तिथे जुन्या पानांवर तपकिरी ठिपके आणि मुळांवर तांबूस थर दिसला तर लोहाचा अतिरेक तपासा आणि निचरा सुधारा. भातानंतर कडधान्य घ्यायचे असेल तर सामू परत खाली येतो, चुना त्या पिकासाठी मोजा. नाचणी, अननस, रताळे आम्लता बऱ्यापैकी सोसतात. कापूस, सोयाबीन, कांदा, हरभरा, लसूणघास यांना ती सोसत नाही.

ठिबकातून युरिया किंवा अमोनियम खत जात असेल तर आम्लता ड्रिपरखालच्या ओल्या गोळ्यातच साचते. पूर्ण शेताच्या मिश्र नमुन्यात ती दिसत नाही. ड्रिपरच्या बरोबर खालचा आणि दोन ओळींच्या मधला, असे दोन नमुने घ्या. खालचा सामू अर्ध्या अंकापेक्षा जास्त उतरला असेल तर त्या पट्ट्यातच बारीक चुनखडी मिसळा, आणि नत्राचा काही भाग कॅल्शियम नायट्रेटवर न्या. हे खत स्फुरद किंवा सल्फेट असलेल्या खताबरोबर एकाच टाकीत घालू नका, साका बसून ड्रिपर बंद पडतात. बागेत चुना खोल नांगरून घालू नका. झाडाच्या सावलीच्या घेरात पसरून वरच्या ५ ते ७ सें.मी. मध्ये हलकेच मिसळा आणि लगेच पाणी द्या.